वकीलसाहेब, घरच्यांशी बोला

महाराष्ट्रातील फौजदारी न्यायालयांत वकिली करणाऱ्या सर्व वकील बंधू-भगिनींस,



मी वकील नाही. कच्च्या कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. मुलाखतीच्या रांगेत, तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत, आणि बऱ्याचदा तुमच्या टेबलासमोरच्या बाकावर या माणसांसोबत मी बसलेली असते. त्यांची तुमच्याबद्दलची एक तक्रार मला सतत ऐकू येते. ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ज्याच्या हातात आपल्या मुलाची सुटका आहे त्याच्या तोंडावर कोणी तक्रार करत नाही. म्हणून हे पत्र.

तक्रार फीची नाही. फीसाठी या लोकांनी मंगळसूत्र मोडलेलं असतं, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तरी त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. तक्रार एका वाक्याची आहे: ‘वकीलसाहेब काही सांगत नाहीत.’

तुम्ही म्हणाल, बाई, तुरुंगाला लिहा, पोलिसांना लिहा, सरकारला लिहा. तिकडेही लिहिते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ सालची आकडेवारी पाहा. देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांच्या सुटकेचा रस्ता कोर्टातून जातो आणि कोर्टात त्यांच्या बाजूने उभे तुम्ही असता. तुरुंगाच्या दारावरचा शिपाई मुलाखतीचा नंबर सांगू शकतो. जामिनाचं काय झालं, हे त्याला विचारून काय उपयोग? ते विचारायला या माणसांना तुमच्याशिवाय दुसरं दार नाही.

सुरुवात पहिल्या दिवसापासून करते. माणूस उचलला जातो आणि घरच्यांच्या कानावर ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’ पडतात. वकील व्हरांड्यातून जाता जाता सांगतात, ‘एमसीआर झाला,’ आणि पुढच्या कोर्टात जातात. घरी निरोप जातो की पोराला आत टाकला, म्हणजे शिक्षा झाली. रडारड सुरू होते, नात्यातला कोणीतरी ‘आतल्या ओळखीचा’ माणूस गाठतो आणि पैसे जायला लागतात. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली, आता जामिनाचा अर्ज करता येईल, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाच्या अभावी दलालांचं फावतं.

कलमांचंही तसंच. जुनी कलमं लोकांना तोंडपाठ होती. ३०२ म्हणजे काय, ३०७ म्हणजे काय, हे सिनेमांनी शिकवलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. आता १०३ म्हणजे खून आणि १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, हे त्यांना कोण सांगणार? एक आई महिनाभर सांगत होती की मुलावर ‘लहान नंबरचं’ कलम आहे, म्हणजे गुन्हा किरकोळ असेल. कलम १०३ होतं.

अटकेची कारणं अटक झालेल्याला कळवायची, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. ती कारणं नातेवाइकांनाही कळायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की कारणं लेखी द्यायची, त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, सगळ्याच गुन्ह्यांत द्यायची, आणि तातडीमुळे आधी देता आली नाहीत तरी रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच की तो कागद पहिल्याच दिवशी मागा आणि मिळाला की त्याची एक झेरॉक्स घरच्यांच्या हातात द्या. पुढे मुलाखतीची नोंदणी करताना, विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करताना, वकील बदलावा लागला तर नव्या वकिलाकडे जाताना त्यांना गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि कलम विचारलं जातं. त्या वेळी त्यांच्याकडे फक्त मुलाचं नाव असतं.

घरच्यांशी बोलायचं ते त्यांच्या समाधानासाठी नाही. तुमच्या बचावाला लागणारी निम्मी माहिती त्यांच्याकडे असते आणि ती विचारल्याशिवाय येत नाही. सगळ्यात ठळक उदाहरण वयाचं. पोलिसांच्या कागदावर ‘वय १९’ लिहिलेलं असतं. बापाला माहीत असतं की पोरगा सतरा वर्षांचा आहे, पण बापाला वाटतं पोलिसांनी लिहिलं म्हणजे ते सरकारी वय झालं. कोणी त्याला विचारलंच नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे घटनेच्या दिवशी आपण अठरा वर्षांखालचे होतो, हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. हे दाखले आणणार कोण? आईबापच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढायला त्यांना एक दिवस लागतो. तो काढायला कोणी सांगितलं नाही, म्हणून पोरं मोठ्या माणसांच्या बॅरकमध्ये राहतात.

तेच इतर गोष्टींचं. त्या रात्री तो वीटभट्टीवर कामाला होता, हजेरीवहीत अंगठा आहे. समोरच्या दुकानात कॅमेरा आहे. त्याला मिरगीचा आजार आहे, ससूनचे केसपेपर घरात आहेत. हे सगळं आईला माहीत असतं. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. दोषारोपपत्र आल्यावर विचारायला गेलात तर हाती काही उरत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतलं, त्या जामिनाच्या गोष्टीकडे येते. जामीन मिळणं आणि माणूस सुटणं यांच्यात किती अंतर आहे, हे तुमच्यापैकी कितीजण मागे वळून पाहतात? न्यायाधीश म्हणतात, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. तुमच्या लेखी अर्ज मंजूर झाला, काम झालं. घरच्यांच्या लेखी खरं काम तिथून सुरू होतं. जामीनदार म्हणजे नेमका कोण? त्याने काय आणायचं? सातबारा चालतो का, घरपट्टीची पावती चालते का, पगारपत्रक लागतं का, रेशनकार्डावर नाव वेगळं असलं तर काय? तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मिळायला किती दिवस? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक कोर्टात थोडी थोडी वेगळी असतात. ती तुम्हाला आणि तुमच्या कारकुनाला माहीत असतात आणि घरच्यांना एकेक कागद परत आल्यावर कळतात. एका फेरीत सातबारा जुना निघतो. दुसऱ्या फेरीत जामीनदार कंटाळलेला असतो. तिसऱ्या फेरीत कोर्टाच्या आवारातला माणूस भेटतो आणि म्हणतो, दहा हजार द्या, जामीनदार मी आणतो. तो भाड्याचा जामीनदार खोटा निघाला की जामीनही गेला, पैसेही गेले आणि वर नवा गुन्हा.

मोतीराम खटला तुम्ही सगळ्यांनी कॉलेजात वाचलेला आहे. १९७८ साल. मध्य प्रदेशातला एक गवंडी, त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, का, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येत नाही, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर लिहिलं, हेही तुम्हाला आठवत असेल. या निकालाला पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. आजही पनवेलला पकडलेल्या माणसाला जालन्याचा मामा जामीन राहायला येतो आणि ‘स्थानिक जामीनदार हवा’ म्हणून परत पाठवला जातो. त्या वेळी कोर्टात उभं राहून मोतीराम सांगणारा वकील मी फार क्वचित पाहिला आहे. जे सांगतात त्यांना माझा मनापासून नमस्कार.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यासाठी सरळ सूचना दिल्या आहेत. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ई-मेलने पोहोचला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. जामीनदार मिळत नसेल तर त्या माणसाच्या परिस्थितीचा अहवाल कोर्टापुढे ठेवून अट शिथिल करून घेता येते. बाहेर आल्यावर जामीनदार देतो, असं कैदी म्हणाला तर तात्पुरत्या जामिनाचा विचार होऊ शकतो. महिनाभरात पूर्तता झाली नाही तर कोर्ट आपणहून अट बदलू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट हे उशिराचं एक कारण आहे आणि ती घालू नये, असंही त्यात आहे. आणि रक्कम अवाजवी असू नये, हे तर कायद्यातच लिहिलेलं आहे.

पण एखाद्या आईला हे सगळं माहीत असणार कसं? तिला एवढंच कळतं की जामीन झाला आणि पोरगा आला नाही. मग तिला वाटतं, वकिलानेच काहीतरी दडवलं. तुमच्यावरचा विश्वास तिथे तुटतो आणि तो बहुतेक वेळा विनाकारण तुटतो.

म्हणून विनंती. जामीन मंजूर झाला त्याच दिवशी घरच्यांना बसवा आणि जामीनदाराची कागदपत्रं मराठीत लिहून द्या. जामीनदार जमणार नाही असं दिसलं तर आधीच सांगा आणि रोख जामिनाचा किंवा फक्त जातमुचलक्याचा अर्ज करा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायदा म्हणतो. हा आठवडा मोजायची आठवण ठेवा. २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याला जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याला दंड भरायला मदत मिळू शकते. २०२३ च्या मूळ नियमांत ही मर्यादा अनुक्रमे ४० हजार आणि २५ हजार रुपये होती. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ते ठरवते. अमली पदार्थ, मनी लाँड्रिंग, यूएपीए, भ्रष्टाचार अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. तुमच्या कोर्टातल्या किती अशिलांसाठी या समितीकडे अर्ज गेला, एवढं एकदा आपल्या बार रूममध्ये विचारून पाहा.

आणि ज्यांच्याकडे मुळात कागदच नाही, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. पारधी कुटुंब गायरानावर पाल टाकून राहतं. सातबारा नाही, घरपट्टी नाही, रेशनकार्ड असलं तर जुन्या गावचं. १८७१ च्या कायद्याने त्यांच्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ साली तो कायद्यातून गेला. पोलीस ठाण्यातून तो किती गेला, हे तुम्ही रोज पाहता. चोरी कुठेही होवो, पालावरचा तरुण आधी उचलला जातो. मग त्याला जामीनदार कोण राहणार? ज्या समाजाला ऐपतीचा दाखला कधी मिळालाच नाही, त्याच्यासाठी ‘सक्षम जामीनदार’ ही अट म्हणजे जामीन नाकारणंच आहे. हे कोर्टाला सांगणं तुमचं काम आहे.

दिवस मोजण्याविषयी थोडं. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. एक दिवस उशीर झाला आणि सकाळी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क संपला. ही तारीख घरच्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. शेकडो प्रकरणांच्या धबडग्यात तुम्ही विसरू शकता. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवलेली बहीण विसरणार नाही. ती तुम्हाला आदल्या दिवशी फोन करील.

तसंच नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाचं. आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ झाल्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. हे जुन्या प्रकरणांनाही लागू आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. पण एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असली तर हा लाभ मिळत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी वकील लागतो. एखादं किरकोळ जुनं प्रकरण दुसऱ्या तालुक्यात पडून असतं, तिथे कोणी हजरही होत नाही, आणि तेवढ्याने मोठा हक्क अडून राहतो. आपल्या अशिलावर आणखी कुठे काय प्रलंबित आहे, हे शोधा. घरच्यांना विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं.

याच्याच शेजारची एक गोष्ट मला फार खुपते. ‘गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा होईल, आजच सुटशील.’ किरकोळ चोरीच्या प्रकरणांत हे सर्रास सांगितलं जातं. आठ महिने आत काढलेल्या पोराला ‘आजच’ एवढंच ऐकू येतं. कधीकधी तो रस्ता खरंच शहाणपणाचा असतो, हे मी नाकारत नाही. पण दोषसिद्धी नोंदवली जाते, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ती पुढे येते. पुन्हा कधी अटक झाली तर एक तृतीयांशाची सवलत बंद झालेली असते, कारण आता तो ‘पहिल्यांदाचा’ राहिलेला नाही. न केलेल्या चोरीची कबुली सुटण्याच्या घाईत देणारी माणसं मला भेटली आहेत. कबुली द्यायची की नाही हे त्याने ठरवावं. तुम्ही फक्त दोन्ही बाजू त्याच्यापुढे ठेवा आणि एक रात्र विचार करायला द्या.

तारखांबद्दल एकच सांगते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाइलमधल्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख फुकट कळते. हा क्रमांक घरच्यांना दिलात तर तुम्हाला येणारे निम्मे फोन बंद होतील. ऊसतोडीला गेलेला बाप एका तारखेसाठी मजुरी बुडवून कोर्टात येतो आणि त्याला कळतं की न्यायाधीश रजेवर आहेत किंवा गार्ड मिळाला नाही म्हणून आरोपीला आणलंच नाही. तुरुंग बदललेला असतो तेव्हाही तसंच. ठाण्याला भेटायला गेलेल्या बायकोला दारावर कळतं की नवऱ्याला तळोजाला हलवलं.

कागदांबद्दल मात्र कठोर बोलणार आहे. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, आणि आता चौदा दिवसांची मुदतही घातली आहे. ती प्रत तुमच्या कपाटात असते. घरचे मागायला आले की कधी झेरॉक्सचे पैसे सांगितले जातात, कधी उरलेली फी. वकील बदलायचा म्हटलं की ना-हरकत अडवली जाते. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. पैसे वसूल करायचे तर त्याला कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणेही जुन्या वकिलाने संमती दिली नाही तर नवा वकील कारण सांगून कोर्टाची परवानगी घेऊ शकतो. घरच्यांना यातलं काही माहीत नसतं. त्यांना वाटतं, या वकिलाच्या हातातून पोरगा सुटत नाही आणि पोराचे कागदही सुटत नाहीत. तुरुंगात असलेल्या माणसाचे कागद अडवणं म्हणजे त्याच्या कोठडीचे दिवस वाढवणं. एवढं वाईट काम या व्यवसायातल्या फार थोड्यांनी केलं असेल, पण बाकीचे गप्प बसतात.

कागद न मिळाल्याने काय होतं, याचा धडा महाराष्ट्रातूनच देशाला मिळालेला आहे. हॉसकोट खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा. कैद्याचं म्हणणं होतं की निकालाची प्रत आपल्याला येरवड्याच्या तुरुंगात मिळालीच नाही, म्हणून अपिलाला उशीर झाला. प्रकरण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत कैद्याला ताबडतोब आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि ज्याला ऐपत नाही त्याला वकील मिळाला पाहिजे, हे त्या निकालात ठरलं. आज शिक्षा लागल्यावर किती वकील कैद्याला भेटून सांगतात की अपिलाची मुदत अमुक, तुरुंगातूनही अपील पाठवता येतं, आणि आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात?

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे आणि बचाव वकील म्हणून नेमलेले जे आहात, त्यांना वेगळं सांगायचं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पण वस्त्यांमध्ये समजूत अशी आहे की फुकटचा वकील म्हणजे नावापुरता वकील. ती समजूत कशाने झाली? वकील तुरुंगात आलाच नाही, व्हिडिओ कॉन्फरन्सवर आरोपी पडद्यावर दिसला आणि आवाज येण्याआधी तारीख पडली, घरच्यांना वकिलाचं नावही कळलं नाही. यानेच झाली. लोक मग म्हैस विकतात आणि खासगी वकील लावतात. तुम्ही तुरुंगात भेटीला जा, आणि गेल्यावर घरच्यांना एक फोन करा: ‘मी तुमच्या मुलाला आज भेटले, तो बरा आहे, पुढची तारीख ही.’ भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या महिला विभागात जाणाऱ्यांनी एक जास्त विचारावं: मुलं कुठे आहेत? सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, त्याहून मोठी मुलं बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडे असतात, आणि बाईच्या डोक्यात खटल्याआधी तेच चालू असतं. तिला भेटायला सहसा कोणी येत नाही. नवऱ्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायका मी खूप पाहिल्या, बायकोसाठी उभे राहिलेले नवरे फार थोडे.

तुमची बाजूही मला दिसते. मानधन तुटपुंजं आणि उशिरा येणारं. एका सकाळी चार कोर्टांत पुकारा. बसायला धड जागा नाही. घरचे दहाजण येतात आणि दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आणि तुमचा अशील आरोपी आहे, त्याचे नातेवाईक नव्हेत. त्याने विश्वासाने सांगितलेलं तुम्ही कोणालाही सांगू शकत नाही. हे अगदी बरोबर. पण तारीख, कोर्ट, कलम, तुरुंग, जामिनाच्या अटी आणि कागदांची यादी यांत गुप्त काहीच नाही. बाकीच्यासाठी अशिलाला विचारा, घरातल्या कोणाशी बोलू? तो एक नाव सांगेल. त्या एकाच माणसाशी बोला.

हे करता येतं, हे मुंबईत दिसलेलं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून कैदी, त्यांची कुटुंबं आणि वकील यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करत आहेत. पण कार्यकर्ते सगळ्या तालुक्यांत नाहीत. वकील आहेत.

शेवटी एक ठोस मागणं करते. आपापल्या जिल्ह्याच्या वकील संघाने एक पान छापावं, मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर रिकाम्या जागा असाव्यात: गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं आणि त्यांचा साधा अर्थ, सीएनआर क्रमांक, पुढची तारीख, कोणता तुरुंग, साठावा किंवा नव्वदावा दिवस कधी, एक तृतीयांश आणि निम्मी मुदत कधी भरते, जामीनदाराचे कागद कोणते, वकिलाचं नाव आणि फोन घेण्याची वेळ. खाली विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० छापलेला असावा. वकीलपत्रावर सही घेताना हे पान भरून घरच्यांना द्यायचं. भरायला तुमच्या ज्युनिअरला दहा मिनिटं लागतील. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तेव्हा हे पान मराठीत असण्याला कोणाची हरकत असू नये.

ज्या वकील संघाला हे पान तयार करायला हात हवा असेल त्याने कळवावं, मसुदा मी आणि माझे सहकारी घेऊन येऊ. आणि ज्यांना संघाने छापण्याची वाट पाहायची नसेल त्यांनी पुढच्या रिमांडला कोऱ्या कागदावर हाताने लिहून द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
कच्च्या कैद्यांच्या कुटुंबीयांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती